तीन फुटांचा बोळ, दोन फुटांचा छज्जा : एका बंगल्याच्या बाहेरच्या रंगकामाचं प्रकरण

बंगला सहकारनगरातला, पर्वती-तळजईच्या उतारावरच्या भागातला. तळमजला आणि वर एक मजला, गच्ची, गच्चीवर जिन्याची खोली आणि तिच्या डोक्यावर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी. बाहेरून शेवटचा रंग लागून नऊ-दहा पावसाळे उलटलेले. पश्चिमेची भिंत शेवाळाने काळी पडलेली, दोन ठिकाणी भेगांतून पिंपळ उगवलेला. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत असे बंगले गल्लोगल्ली दिसतात, आणि त्यांच्या रंगकामात अडचणी येतात त्या साधारण याच जागांवर.

मापं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांवर अवलंबून आहे. रस्त्याकडची पूर्वेची बाजू आणि मागची पश्चिमेची बाजू २८ फूट रुंद, दक्षिण-उत्तर ३६ फूट लांब. जोतं २ फूट, मजले १०-१० फूट, कठडा साडेतीन फूट. म्हणजे पुढच्या जमिनीपासून कठड्याचा माथा साडेपंचवीस फुटांवर. मागे जमीन ४ फूट खाली उतरते, तिथे तोच माथा साडेएकोणतीस फुटांवर जातो. जिन्याच्या खोलीची पश्चिमेची भिंत बाहेरच्या भिंतीच्या रेषेतच सरळ वर चढते, तिचा माथा मागच्या जमिनीपासून ३४ फूट. उत्तरेला शेजाऱ्याची कंपाउंड वॉल आणि बंगला यांच्यात ३ फुटांचा बोळ, दक्षिणेला १० फूट मोकळी शहाबादी फरशी, पूर्वेला पॉलिकार्बोनेट पत्र्याची पोर्च.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. पाऊस संपून भिंती सुकलेल्या असतात आणि वळवाची वादळं दूर असतात, तेव्हा वेळ योग्यच होती. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये चौरस फुटाचा एकच दर होता आणि शेवटी एक शब्द : ‘शिडी-परांचीसह’. शिडी किती, परांची कुठे, किती उंच, कशाला बांधलेली, याचा उल्लेख नाही. आमच्या मते पुढे जो अपघात झाला त्याची सुरुवात तिथेच झाली. चढण्याची सोय दरात मिसळली की ती जितकी कमी कराल तितका नफा जास्त, आणि मग रंगारी हाताशी असलेल्या एका शिडीवर अख्खा बंगला उरकायला जातो. या कामावर आलेलं सामान एवढंच : २४ फुटांची ॲल्युमिनियमची सरकती शिडी, एक ८ फुटांची घोडी आणि नारळाच्या काथ्याचा दोर. मालकांनी परांचीचं विचारल्यावर उत्तर आलं, ‘काका, दोन मजल्यांना पहाड (परांची) कशाला? शिडीवरून चार दिवसांत खरवडून देतो.’

दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या बोळात शिडी घसरली. रंगारी साधारण १४ फुटांवर उभा राहून उजवीकडचं शेवाळ पत्रीने खरवडत होता. शिडीचा उजवा खांब पावसाळी पाण्याच्या ४ इंची पीव्हीसी पाइपवर टेकलेला, डावा जवळजवळ हवेत. पाइपाचा क्लॅम्प प्लास्टरमधून उपटून आला, शिडीचं डोकं दीडेक फूट बाजूला सरकलं आणि व्हेंटिलेटरच्या गजांत अडकून थांबलं. माणूस गजांना धरून राहिला, कोपर सोललं, बाकी इजा नाही. काम थांबवलं आणि भिंतीपर्यंत पोहोचण्याची आखणी पहिल्यापासून केली.

शिडी का सरकली

‘शेवाळामुळे पाय निसटला’ हे पहिलं उत्तर होतं. ते खरं नाही, कारण खालचा पाय हललाच नव्हता. कारणं तीन होती आणि ती एकावर एक चढली.

पहिलं कारण कोनाचं. टेकवलेल्या शिडीचं माप असं, की शिडी जेवढ्या उंचीवर टेकते तिच्या एक चतुर्थांश अंतरावर तिचा पाय हवा. म्हणजे जमिनीशी साधारण ७५ अंश. इथे शिडी १८ फुटांवर टेकली होती, पाय साडेचार फूट बाहेर हवा होता. बोळच तीन फुटांचा, त्यामुळे पाय अडीच फुटांवर आणि कोन ८२ अंशांच्या आसपास. ऐकायला सातच अंशांचा फरक. पण १४ फुटांवर उभ्या माणसाचा तोल योग्य कोनात शिडीच्या पायापासून अडीच फूट आत राहतो, तो इथे जेमतेम फुटावर आला. पत्री जोरात ओढताना अंग मागे जातं, आणि एवढ्या उभ्या शिडीवर तो एक फूट सहज संपतो. उलट हिशेब केला तर या बोळात शिडी नियमाने फार तर १० फुटांवर टेकवता येते. त्याच्या वर बोळात शिडीने काम होऊच शकत नाही, कितीही सराईत माणूस असो.

दुसरं कारण टेकूचं. पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप स्वतःचं वजन धरण्यापुरते बसवलेले असतात. क्लॅम्पचा स्क्रू प्लास्टिकच्या गुल्ल्यात, गुल्ला बऱ्याचदा नुसत्या प्लास्टरमध्ये. शिवाय गोल पाइपवर एकच खांब टेकला की शिडी वळायला मोकळी.

तिसरं कारण हाताच्या टप्प्याचं, आणि पडणं पुष्कळदा यातूनच होतं. रंगारी अडीच फूट उजवीकडे वाकला होता, कारण शिडी उतरून हलवायला दहा मिनिटं लागतात आणि वाकायला दोन सेकंद. धरायचा नियम सोपा आहे : कमरेच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन खांबांच्या बाहेर जाता कामा नये. बक्कल बाहेर गेलं की शिडी हलवायची वेळ झाली.

खाली एक माणूस शिडी धरून उभा होता. त्याचा उपयोग पहिल्या काही पायऱ्यांपुरता. वरचं डोकं सरकू लागलं की खालच्या माणसाला काही करता येत नाही. शिडी वरून बांधायची असते, तीही दोन्ही खांबांना.

भिंतीचा नकाशा

नव्या आखणीत रंगाचा विचार शेवटी आला. आधी चारही बाजूंची साधी रेखाचित्रं कागदावर काढून प्रत्येक तुकड्यापुढे एकच प्रश्न लिहिला : इथे काम करताना दोन्ही पाय कशावर असतील? ‘कसंबसं’ असं उत्तर येतं तो तुकडा अवघड. दुसरा प्रश्न त्याच्या जोडीचा : इथे दोन्ही हात लागतात का? खरवडणं, भेग खोलणं, लांबी (पुट्टी) भरणं, घासणं ही दोन हातांची, जोर लावायची कामं आहेत. रोलरने रंगाचा दुसरा हात, म्हणजे थर, मारणं तुलनेने हलकं. म्हणून ‘खालून लांब काठीने रोलर पोहोचतो’ हे उत्तर अर्धंच असतं. रोलर पोहोचतो, पत्री पोहोचत नाही, आणि शेवाळावर नुसता फिरवलेला रोलर पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्याने खाली येतो.

शिडीला या कागदावर फार थोडी जागा उरली : एका जागी अर्ध्या तासाच्या आतलं, एका हाताचं, १० फुटांखालचं काम. शिडी मुख्यतः चढउताराला. बादली पायरीला एस आकड्याने अडकवलेली, म्हणजे एक हात शिडीला राहतो. हाय प्रेशरच्या पाण्याने धुणं शिडीवरून कधीच नाही. गनच्या उलट्या धक्क्याला माणूस तयार नसतो.

परांचीचं ठरलं तसं पहाडवाल्याचं कोटेशन रंगाच्या कोटेशनपासून वेगळं मागवलं. त्यात बाजूवार लांबी, उंची, मजले, भिंतीला बांधण्याच्या जागांची संख्या आणि मजुरांच्या विम्याची प्रत एवढं लिहून घेतलं.

उत्तरेचा बोळ

बांबूचा पहाड पुण्यात अजून बांधतात, आणि बांधणारा जाणकार असेल तर दोन मजल्यांना चालतोही. पण तीन फुटांत बांबूच्या गाठी, वाकलेले वासे आणि माणूस हे सगळं मावत नाही. इथे ४८ मिमी बाहेरच्या व्यासाचा लोखंडी पाइप वापरला.

रुंदीचा हिशेब इंचावर आला. ड्रेनेजचे पाइप भिंतीपासून ६ इंच पुढे आलेले, म्हणून आतला पाय भिंतीपासून ८ इंचांवर. तिथून २ फुटांवर बाहेरचा पाय, त्याच्या पायथ्याची प्लेट आणखी ३ इंच. झाले ३५ इंच. बोळ ३६ इंचांचा. कपलॉकच्या परांचीत, म्हणजे उभ्या पाइपावरच्या कपांत आडवे पाइप अडकवायच्या तयार परांचीत, ६० सेंटिमीटरचा आडवा तुकडा भाड्याच्या गोदामात नेहमी मिळत नाही, त्यामुळे आडवे जोड साध्या पाइप आणि क्लॅम्पने केले. फळ्यांचे तीन मजले : साडेसहा, तेरा आणि साडेएकोणीस फुटांवर. प्रत्येक मजल्यावरून काम गुडघ्यापासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत येतं, आणि वरच्या फळीवरून साडेपंचवीस फुटांचा माथा सहा फुटांत मिळतो.

बोळात चार ड्रेनेज चेंबर होती. परांची बसण्याचं, म्हणजे एक पाय खचून सगळी कलण्याचं, जुनं आणि ओळखीचं कारण चेंबरचं झाकण. झाकण माणसाचं वजन घेतं. पाइपाच्या टोकाखाली महिनाभर राहणारं, फळ्या-माणसं-बादल्यांचं वजन घेईलच असं नाही. ३६ फुटांत म्हणजे ११ मीटरमध्ये पायांच्या सात जोड्या बसवायच्या होत्या. आखणी करताना दोन ठिकाणी बाहेरचा पाय झाकणावर आला, म्हणून जोड्यांमधल्या सहा गाळ्यांपैकी चार २ मीटरचे आणि दोन दीड मीटरचे केले. दोन्ही पाय झाकणापासून सुटले. हे कागदावर पाच मिनिटांचं काम. पाइप उभे झाल्यावर हेच काम अर्धा दिवस खातं, आणि अर्धा दिवस खातं म्हणून कुणी करत नाही.

आता मुख्य गोष्ट. दोन फूट रुंद आणि वरच्या फळीच्या कठड्याच्या गजासकट तेवीस फूट उंच सांगाडा स्वतःच्या पायावर उभा राहूच शकत नाही. तो भिंतीने धरलेला असतो. बांधणीच्या जागा, म्हणजे टाय, उभ्यात ४ मीटर आणि आडव्यात ६ मीटरपेक्षा लांब नसाव्यात असा ढोबळ दंडक आहे. इतक्या अरुंद परांचीला आम्ही त्यापेक्षा दाट ठेवले, एकूण आठ. चार टाय पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या बीममध्ये १२ मिमीचे अँकर बोल्ट मारून. वर तीन व्हेंटिलेटरमधून : काचेच्या पट्ट्या काढायच्या, पाइप आत घालायचा आणि आतल्या बाजूने भिंतीला आडवा दुसरा पाइप क्लॅम्पने अडकवायचा. आठवा गच्चीच्या बीममध्ये. विटांच्या भिंतीत अँकर धरत नाही. जुन्या विटेत तो फुगला की वीटच फुटते. आणि खिडकीच्या ग्रिलला तारेने आवळणं याला टाय म्हणत नाहीत. ग्रिल चौकटीत चार स्क्रूंवर असतं.

पाइपांच्या मागची दीड इंचाची फट हा या बोळातला वेगळाच त्रास. तिथे ब्रश सरळ जात नाही. एक इंची ब्रश पातळ काठीला काटकोनात बांधून काम होतं; पाइपाच्या मागे तळहात जात असेल तर रबरी हातमोज्यावर जुना लोकरीचा मोजा चढवून तो रंगात बुडवून पुसत जाणं जास्त लवकर होतं.

पश्चिमेची भिंत आणि छज्जे

सगळ्यांत जास्त काम याच बाजूला, कारण पुण्याचा पाऊस येतो पश्चिम-नैर्ऋत्येकडून. वरच्या खिडकीच्या छज्ज्याखाली आग्यामोहोळ लटकलेलं होतं, ते ठोकाठोकीआधी हलवणं भाग होतं. धूर करून हुसकावण्याचा पारंपरिक उपाय परांचीवर सर्वांत वाईट. माणूस डंखाला घाबरून मागे सरकतो आणि मागे काही नसतं. पोळं सुरक्षित हलवणारी प्रशिक्षित माणसं मिळतात, आणि मधमाश्यांवर काम करणारी केंद्रीय संस्था पुण्यातच, गणेशखिंड रस्त्याला आहे. तिथे चौकशी करता येते. पोळं सूर्यास्तानंतर हलवलं, आणि परत येणाऱ्या माश्या निवेपर्यंत दोन दिवस ती बाजू बंद ठेवली.

जमीन उतरती, भरावाच्या मुरमाची. पाइपाखाली विटा रचून पातळी साधण्याची सवय इथे मोडावी लागली. उतारात आडव्या पायऱ्या कापल्या, मुरूम भिजवून धुमस केला आणि ९ इंच रुंद, दीड इंच जाड फळी अशी टाकली की एका फळीवर किमान दोन पाय येतील. पातळीचा उरलेला फरक स्क्रू जॅकने काढला. जॅक जितका जास्त उघडाल तितका तो लटपटतो, म्हणून फूटभराच्या वर न उघडता पायरीच पुन्हा कापायची.

छज्जा हा पश्चिमेचा खरा पेच. पाच खिडक्यांवर पाच छज्जे, प्रत्येक २ फूट पुढे आलेला. रंगारी खिडकीतून पाय बाहेर काढून छज्ज्यावर उभा राहतो, हे पुण्यात कुठेही पाहायला मिळतं. छज्जा एका बाजूने भिंतीत रुतलेला आणि दुसऱ्या बाजूने मोकळा असतो, म्हणून त्याचं मुख्य लोखंड वरच्या अंगाला हवं. बांधताना मजुराच्या पायाखाली त्या सळ्या खाली दबल्या असतील तर ताकद तिथेच गेली. वरून पाणी साचून त्याच सळ्या आधी गंजतात. आणि हे खालून दिसत नाही. खालून दिसतो तो फक्त पोपडा. हातोडीने वरच्या अंगावर ठोकत गेलं तर घट्ट काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं भद्द. पाचपैकी दोन छज्जे भिंतीलगत भद्द वाजले. ते फोडून सळ्या घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने भरले. उरलेले तीन टणक वाजले म्हणून त्यांवर उभं राहावं, असं मात्र नाही. ठोकून दोष सापडतो. भार पेलेल याची खात्री त्यातून मिळत नाही.

छज्ज्यावर उभं राहायचं नाही म्हटलं की परांची छज्ज्याच्या बाहेर जाते, भिंतीपासून सव्वादोन फुटांवर. मग दोन छज्ज्यांमधली भिंत हाताच्या टप्प्याबाहेर, आणि माणूस आतल्या बाजूने वाकून त्या फटीतून खाली जाऊ शकतो. बाहेरच्या बाजूला कठड्याचा गज असतो, आतल्या बाजूला भिंत आहे असं मनाने धरलेलं असतं. पडणारा अनेकदा आतून पडतो. उपाय आतल्या ब्रॅकेटचा. आतल्या पायावर भिंतीकडे तोंड करून दीड फुटाचे ब्रॅकेट बसवले आणि छज्ज्यांच्या मधल्या पट्ट्यांत त्यांवर ९ इंची दोन फळ्या टाकल्या. फळीची कड भिंतीपासून नऊ-दहा इंचांवर आली, म्हणजे फुटाच्या आत. जिथे छज्जा आडवा येतो तिथे ब्रॅकेट नाही, पण आतल्या बाजूलाही एक आडवा गज. छज्ज्याची वरची बाजू, कड आणि खालचा भाग हे सगळं फळीवरून झालं. खालच्या भागातल्या पाणतोडीच्या खाचेत रंगाचा थर भरू द्यायचा नाही. ती बुजली की पाणी थेट भिंतीला येतं.

जिन्याच्या खोलीची भिंत नऊ फूट रुंद, आणि तिला वेगळी क्लृप्ती लावण्याचा मोह सगळ्यांना होतो : गच्चीवरून कठड्यावर पाय ठेवून, टाकीच्या स्टँडला दोर बांधून, किंवा दोराला पाट लावून माणूस खाली सोडून. पाट सोडायला वर भरवशाची गाठ हवी, आणि या गच्चीवर कठडा साडेचार इंची विटांचा. टाकीचं स्टँड, सोलर हीटरचा सांगाडा, डिश अँटेना, गॅल्व्हनाइज्डचा पाइप यांतलं काहीही पडत्या माणसाचा झटका घेण्यासाठी बसवलेलं नाही. प्रशिक्षित माणसं दोरावर काम करतात ती दोन वेगळ्या गाठींना बांधलेल्या दोन वेगळ्या दोरांवर. एका काथ्यावर कोणी बसत नाही. शिवाय पाटावर बसून भिंतीवर जोर दिला की भिंत माणसालाच मागे ढकलते, खरवडणं होत नाही. म्हणून परांचीच तेवढ्या नऊ फुटांत वर नेली. कपलॉकच्या उभ्या पाइपाला दर अर्ध्या मीटरला कप असतो, त्यामुळे शेवटची फळी साडेआठ मीटरवर, म्हणजे २८ फुटांना बसवता आली आणि ३४ फुटांचा माथा सहा फुटांत मिळाला. गच्चीच्या वर गेलेल्या या तुकड्याला वारा सगळीकडून लागतो, म्हणून जिन्याच्या खोलीच्या बीममध्ये आणखी दोन टाय.

उरलेल्या तीन बाजू गच्चीवरून घोडीने. इथे एक चूक लक्षात येत नाही. साडेतीन फुटांचा कठडा फरशीवर उभ्या माणसाला अडवतो. घोडीच्या चौथ्या पायरीवरच्या माणसाच्या तो गुडघ्याखाली राहतो. म्हणून घोडी कठड्यापासून निदान तिच्या उंचीइतकी आत. जिथे तेवढी जागा नव्हती, तो कोपरा परांचीवरून केला.

शेजाऱ्याच्या गाडीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून हिरवी जाळी लावायची सूचना आली होती. जाळी म्हणजे परांचीला लावलेलं शीड. तिच्यासाठी टाय बरेच वाढवावे लागतात. शेजाऱ्याच्या गाडीवर प्लास्टिक टाकलं.

सेफ्टी बेल्टबद्दल

कमरेचा पट्टा बाजूलाच ठेवला. पडताना त्याचा झटका पोटाला आणि मणक्याला बसतो. पूर्ण अंगाचा हार्नेस आणला, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून. तरी तो घातला की झालं असं नाही. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा पट्टा उघडला की जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि खाली मीटरभर मोकळी जागा. बेरीज सहा मीटर, म्हणजे अडकवलेल्या जागेपासून खाली वीस फूट मोकळे हवेत. तेरा फुटांच्या फळीवर पायाशी आकडा लावलेला माणूस हार्नेस उघडण्याआधी जमिनीवर असतो. त्यामुळे खालच्या मजल्यांवर भिस्त कठड्याच्या गजांवर : फळीपासून मीटरभर उंच एक, मधे एक, आणि फळीच्या कडेला ६ इंचांची पट्टी, म्हणजे पत्री आणि डबा खाली जाणार नाही. हार्नेस मुख्यतः परांची चढवताना-उतरवताना आणि सर्वांत वरच्या फळीवर, आकडा डोक्याच्या वर. पडून लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, नाहीतर मांड्यांतले पट्टे रक्त अडवतात. म्हणून वर काम चालू असताना खाली कायम दुसरा माणूस, आणि शिडी बोळात आडवी न ठेवता हाताशी.

पोर्च

पॉलिकार्बोनेट उन्हाने ठिसूळ होतं आणि वरून धुळीने सारखंच दिसतं. ‘स्क्रूच्या रेषेवरून चाललं की खाली पर्लिन (पत्र्याचा आडवा आधार) असतो’ हे बरोबर, पण ती रेष दोन इंचांची असते आणि माणसाच्या हातात वीस लिटरची, सत्तावीस-अठ्ठावीस किलोची बादली. पत्र्यावर फळ्या टाकून मार्ग करण्याऐवजी इथे दोन पत्रेच काढले. चार पायांचा मनोरा जमिनीवरून पर्लिनच्या मधून वर गेला आणि वरची बारा फूट रुंद भिंत एकाच जागेवरून मिळाली. पत्रे परत लावताना स्क्रू नवे, रबरी वॉशरसकट. जुन्या वॉशरमधून पहिल्याच पावसात पाणी येतं आणि दोष रंगाला जातो.

दक्षिणेला चाकांचा मनोरा पुरला. फळी वीस फुटांवर आणि बाहेरच्या कामात उंची पायाच्या तिपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे पाया सात फूट हवा. साडेचार फुटांच्या फ्रेमला चारही कोपऱ्यांत आधाराचे पाय लावून तो मिळवला. छज्ज्यांच्या मधल्या पट्ट्यांत मनोरा भिंतीला खेटून लावता येत होता. शहाबादीवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडरने आधी घासून काढलं. माणूस वर असताना मनोरा ढकलायचा नाही, एवढं एक रोज सांगावं लागलं.

रंग लागताना

सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व, उत्तर कधीही. तापलेल्या भिंतीवर रंग रोलरखालीच सुकतो, आणि मग फळीच्या पातळीला आडवा पट्टा उमटतो. हा पट्टा परांचीवरच्या कामाची ठरलेली खूण : वरच्या फळीवरून केलेला भाग सुकतो, तासाने खालचा माणूस त्याला जोडायला जातो, थर दुप्पट होतो. टाळायचं तर थांबण्याची जागा फळीवर नाही, भिंतीवर ठरवायची : कोपरा, ग्रूव्ह, छज्ज्याची रेघ. जिथे यांतलं काही नव्हतं, तिथे दोन माणसं शेजारच्या दोन गाळ्यांत वर-खाली, एकमेकांच्या डोक्यावर न येता, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने खाली येत गेली आणि कड ओली राहिली. उघड्या जागा वजा जाता भिंत साधारण ३,००० चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे ५० चौरस फूट धरून वीस लिटरच्या तीन बादल्या.

परांची उतरवणं आणि दुसरा हात एकत्रच खाली आले. टाय सगळे आधी सोडायचे नाहीत; वरची फळी निघेल तसा तिचा टाय निघतो, अँकरचं भोक त्याच फळीवरून भरायचं, सुकल्यावर खालच्या फळीवरून हात पोहोचतो तोवर रंगाचा ठिपका द्यायचा.

ईशान्य कोपऱ्यात पंधरा फुटांवर खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ब्रॅकेटला बांधलेली होती. कमी दाबाच्या तारेपासून इमारत आडव्यात १.२ मीटर दूर असावी असा नियम आहे, पण तो इमारतीसाठी. सहा मीटरचा लोखंडी पाइप उभा करणाऱ्या माणसाला तेवढं अंतर पुरत नाही. घरातला मेन स्विच बंद केल्याने ही तार बंद होत नाही, ती मीटरच्या अलीकडची. म्हणून उत्तरेची परांची आखणीतल्या सहा गाळ्यांऐवजी पाचच गाळ्यांची केली, त्या कोपऱ्याच्या एक गाळा आधी थांबवली. महावितरणकडे अर्ज करून पुरवठा खांबावरून तोडून घेतला, आणि त्या दिवशी पुढच्या अंगणातून, जिथे पाय पावणेचार फूट बाहेर ठेवायला जागा होती, फायबरची शिडी वर दोन्ही खांबांना बांधून ब्रॅकेटभोवतीचा तुकडा थोडा थोडा करून केला : सकाळी खरवडून प्रायमर, दुपारी पहिला हात, चार तासांनी दुसरा. राहिलेल्या गाळ्याचं काम दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी आणलेल्या मनोऱ्यावरून झालं. तार तेव्हा पुन्हा चालू होती, म्हणून मनोरा तिच्यापासून दहा फूट अलीकडे आणि उरलेली पट्टी लाकडी काठीच्या रोलरने.